साडीआडचे चार स्पीकर

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याचकडे निघालो होतो. रविवार होता, दहा वाजत आले होते, एका पायात चप्पल होती. त्याची बायको, सुलभावहिनी, इतकंच म्हणाल्या, "भाऊजी, पहाटं गेले हे. तुमी या." मी दारातच खाली बसलो. मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. आता दर रविवारी जावं लागणार नाही, हे आलं... गेला दीड महिना त्या एका विचाराची लाज वाटते आहे. तो का आला, हे सांगायचं तर अकरा वर्षं मागे जावं लागेल.

भास्कर आणि मी घाटनांदूरच्या शाळेत एका बाकावर बसलो. पुढे मी परळीच्या एका कॉलेजात मराठी शिकवू लागलो आणि त्याने परळीतच मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येत. जुनी तार काढायची, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, हे काम तो पंचवीस वर्षं करत होता आणि त्याला आतून कंटाळला होता. संध्याकाळी शटर ओढलं की घरी जाऊन गाणं ऐकायचा. लहानपणी त्याचा उजवा कान सारखा फुटायचा, त्या कानाला बारीक आवाज पोचतच नसत. "एका डोळ्यानं पिच्चर बगितल्यावानी हाय माझं," असं तो हसत म्हणायचा. दोन स्पीकर नीट मांडले की त्यांच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथे, गाणारी बाई येऊन बसते, हे त्याला ठाऊक होतं. ती बाई त्याला स्वतःला मात्र कधी धड सापडली नाही.

एका हिवाळ्यात त्याने स्वतः स्पीकरची जोडी बनवली. खोके सागवानी प्लायचे, आत जुन्या गादीचा कापूस, आवाज काढणारी गोल युनिटं तेवढी पुण्याहून मागवलेली. त्याच सुमारास लातूरच्या एका ओळखीच्या माणसाने आपली परदेशी कंपनीची जुनी जोडी त्याला आठ दिवस ऐकायला दिली. भास्करने मला बोलावलं. "तुझे कान चांगले हायत. माझी जोडी हिच्या बरोबरीला आली आसंल तर मोटारी बंद करतो बे. हेच करीन. न्हाई आली तर न्हाई." एवढ्या सरळपणे त्याने स्वतःचं पुढचं आयुष्य माझ्यासमोर ठेवलं.

चारही स्पीकर एका रेषेत मांडून त्याने पुढे दोरीवर वहिनींची साडी टाकली होती. मोठा वाजणारा स्पीकर उगाच चांगला वाटतो, म्हणून दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून घेतला होता. "डोळ्यानं न्हाई, कानानं सांगायचं," असं बजावून त्याने मला खुर्चीत बसवलं. एकच खयाल, त्याच चार ओळी, बटण दाबून आधी एका जोडीवर, मग दुसरीवर. पुन्हा पहिलीवर, पुन्हा दुसरीवर. मला काहीही फरक कळेना. भास्कर बाजूला उभा, चांगला कान माझ्याकडे केलेला, श्वास रोखून. साडी पातळ होती. खिडकीतून ऊन येत होतं आणि कापडातून डावीकडच्या जोडीची चंदेरी कडी चमकताना दिसत होती. ती कंपनीची, हे मला माहीत होतं. शिकलेल्या माणसाला कळत नाही, हे सांगायची मला लाज वाटली... मी म्हणालो, "ही चांगली. डावीकडची."

"काऊन बे?"

"आवाज जास्त मोकळा आहे."

मोकळा हा शब्द मी पुस्तकांच्या परीक्षणात वापरत असे. भास्करने साडी काढली, घडी घातली, घडीवरून दोनदा हात फिरवला. "मास्तर म्हनतोय म्हंजी आसंल," म्हणाला. कंपनीची जोडी त्याने पैसे देऊन ठेवून घेतली. स्वतःची कुठे गेली असं विचारल्यावर म्हणाला, "दिली कुनाला तरी." त्याने पुन्हा एकही जोडी केली नाही. सोमवारी दुकान उघडलं आणि मोटारी भरू लागला.

त्या दिवसापासून मी त्याचा कान झालो. दर रविवारी दहा वाजता मी खुर्चीत बसायचं आणि त्याने स्पीकर बोटभर पुढे-मागे करायचे. फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा, मागच्या भिंतीवर आवाज घुमू नये म्हणून टांगलेल्या दोन वाकळा. "आता आली का बाई मधी?" "आली." "खरंच?" "हो, आली." एकदा खोटं बोललेला माणूस दुसऱ्यांदा खरं कुठून सुरू करणार? मग त्याची फुप्फुसं आकसत गेली, कारण कुणालाच सांगता आलं नाही. दुकान बंद झालं. ऑक्सिजनचं यंत्र गुरगुरायचं म्हणून त्याने ते स्वयंपाकघरात ठेवायला लावलं. तिथून निघालेली नळी दारातून बाहेर येऊन बरोबर खुर्चीपर्यंत पुरायची, त्यापुढे नाही. आता खुर्चीत तो आणि शेजारी स्टुलावर मी. तो नळीने बांधलेला होता, मी त्या एका शब्दाने. एकदा लग्नाचं निमित्त सांगून पाहिलं. "जा की बे," तो म्हणाला, "मी काय, बसतो आसाच." मी लग्नाला गेलो नाही. लग्न नव्हतंच.

शेवटच्या रविवारी त्याने गाणं मधेच थांबवलं. दम खात खात विचारलं, "एक सांग. माझे लई मागं पडले हुते का?" इतकी वर्षं गेल्यावर, अगदी अचानक. मला सांगता आलं असतं. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या, तेवढं कारण मला पुरलं. "थोडेच," मी म्हणालो.

"थोडेच ना... मंग ठीक हाय," असं म्हणून त्याने चहाला हात पुढे केला.

मागच्या आठवड्यात वहिनींनी मला घाटनांदूरला बोलावलं. भावाच्या घराशेजारी दोन खोल्यांत त्या राहायला गेल्या आहेत. स्पीकर मांडायचे होते. "जागा तुमालाच म्हाईत," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी टेप लावून अंतर मोजलं, खुर्ची ठेवली, गाणं लावलं. आतून आवाज आला, "भाऊजी, डावा लई पुडं आलाय." मी तो मागे घेतला. "आनखी. आनखी बोटभर... हां. आता मधी आली बाई."

मी दारात जाऊन उभा राहिलो. वहिनी लसूण सोलत होत्या, पाठ माझ्याकडे. "वहिनी, तुम्हाला कळतं?"

"न कळायला काय झालं? अकरा वर्षं झाली, कानावरच हाय की."

मग मी सगळं सांगितलं. साडी, ऊन, चंदेरी कडी, तो शब्द. आणि शेवटचं ते 'थोडेच'. त्यांनी सोललेल्या पाकळ्या ताटलीत सारल्या. "मला तर ह्यांचेच बरे वाटायचे," मग म्हणाल्या. "बाई घरातच बसून गायलीय, आसं. पन मला कोन इचारलं? मी म्हनलं, मास्तर शिकलेले हायत, त्यान्ला कळत आसंल."

रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्याच्याकडे माफी मागायची तो नाही, आणि जिच्याकडे मागता येईल ती लसूण सोलते आहे. "कुणाला दिले त्याने ते?" एवढंच मला विचारता आलं.

"देतेत कुनाला! हे काय."

ओट्याखाली दोन सागवानी खोके होते. युनिटं काढलेली, प्रत्येकाला समोर गोल भोक. एकात कांदे, एकात लसूण. "हवा खेळती ऱ्हाती, सडत न्हाईत," त्या म्हणाल्या आणि भोकातून हात घालून आणखी एक गड्डा काढला. परळीच्या त्या स्वयंपाकघरात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मी खाली बसून खोका पुढे ओढला. भोकाची कड इतकी घासलेली होती की बोट फिरवलं तरी कुठे अडत नव्हतं. तो वळवला. मागच्या फळीवर, खालच्या कोपऱ्यात, भास्करच्या ठसठशीत अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं : जोडी पहिली.