शुक्रवारची भेट

एआय एजंट, म्हणजे माणसाऐवजी कामं उरकणारा प्रोग्रॅम, ज्या टूलच्या मदतीने कामं करतो, त्यांची त्याच्यासाठी जी वर्णनं लिहितात, ती मी अंबरनाथजवळच्या हेंद्रेपाड्यातल्या घरी बसून तपासते. एजंट वर्णन वाचतो आणि कामाला लागतो. त्यापलीकडे त्याला काही ठाऊक नसतं. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या टूलचं वर्णन होतं, ‘ग्राहकाला कारखाना बघायची वेळ ठरवून देते.’ झालं! एजंटने खुशाल लोकांना शुक्रवारी पाठवलं. आमच्याकडे एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण वर्णनात नको का लिहायला? मी दर वेळी शेरा मारायचे. अंधेरीत बसणारे आमचे सर तो अर्धवट वाचून म्हणायचे, “अगं, एवढं काय लिहायचं? एआय हुशार आहे, समजून घेईल.” माझं डोकं फिरायचं.

मागच्या शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला. त्या कारखान्याची स्वतःची भेटही त्यांनी त्याच एजंटकडून ठरवून घेतली होती.

“अगं, गेटला कुलूप आहे! आज बंद असतं, हे मला कुणी सांगितलंच नाही!”

“सर, तुम्ही तर हुशार आहात,” मी म्हणाले. “समजून घ्यायचं ना.”