बसवून पुरलेला नरसिंग

लातूर जिल्हा झाला त्या साली आमच्याकडं पाऊस फिरकला नाही, पण रुबाब मात्र धो धो कोसळला. ज्याला कालपर्यंत घरची म्हैस ओळखत नव्हती, तोसुद्धा रेणापूरच्या हॉटेलात चहा फुरकत "आता कलेक्टर आपल्या हाताशी" म्हणायला लागला. प्यायला पाणी नाही आणि बोलायला जिल्हा! असल्या माणसांचे किस्से सांगत बसलो तर दिवस पुरायचा नाही. मला सांगायची आहे ती गुणाबाई.

आमच्या गावात ख्रिस्ती घर एकच, गुणाबाई आणि तिचा नवरा नरसिंग यांचं. दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायची. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी नरसिंग हातोडा ठेवून सावलीला टेकला, तो टेकलाच. ऊन लागून गेला.

मग दारात सांत्वनवाल्यांची रीघ लागली. साखराबाई म्हणाली, "मागच्या जन्मीचं असंल काही." धोंडाबाई म्हणाली, "देव बदलला की देव रुसतो, बाई." वर दोघी डोळ्याला पदर लावून कोरडेच डोळे पुसत होत्या. त्या दुष्काळात सगळं महाग होतं, जखमेवर चोळायचं मीठ तेवढं ह्यांनी फुकट वाटलं.

गुणाबाई एवढंच म्हणाली, "मला दुसरं काही नगं. माती टाकायच्या आधी कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, येशूवानी ह्यो बी एक दिस उठणार हाय."

म्हणून शहरातल्या चर्चच्या पाळकसाहेबांना सांगावा धाडला. गावानं पुरायला जागा नाकारली. मलप्पा आमचा शेजारी, लिंगायत. तो म्हणाला, "औंदा माझ्या रानात काही उगवलं न्हाई. बांधाकडंला पुरा तिथं."

मलप्पा आणि मी पहार-टिकाव घेऊन लागलो. मुरूम लोखंडासारखा. पहार मारली की ठिणगी उडायची. मलप्पाच्या तळहाताची सालटी निघाली, पण गड्यानं पहार सोडली नाही. दिवस कलायच्या आत खड्डा तयार झाला आणि तेवढ्यात पाळकसाहेब आले. पांढरी पँट, काळी छत्री, हातात घड्याळ. खड्ड्यात डोकावून ते दचकलेच.

"हे काय? विहीर खणताय का?"

तेव्हा कुठं आमच्या ध्यानात आलं. लिंगायत आपलं माणूस बसवून पुरतात. मलप्पाच्या हातानं आजवर खणली ती तशीच जागा: चौकोनी, खोल, मागं टेकायला कोनाडा. आजही हातानं तेच केलं होतं.

"आमच्यात माणूस निजवतात," साहेब म्हणाले. "ही परक्यांची रीत. मी इथं प्रार्थना करणार नाही. दुसरी कबर खणा."

मलप्पानं मान खाली घातली. "आक्का, सवयीनं झालं बघ. चुकलो."

उन्हात प्रेत थांबणार नव्हतं आणि आमच्या हातात जीव उरला नव्हता. सगळे गुणाबाईकडं बघायला लागले.

"साहेब, येशूला ठिवलं ती कबर कुणाची हो?"

"अरिमथाईकर योसेफाची."

"म्हंजी दुसऱ्याचीच. तिथं कुणी फूटपट्टी लावली हुती का?"

"गुणाबाई, श्रद्धेच्या गोष्टीत थट्टा नको."

"थट्टा न्हाई साहेब. ह्येला उठायचंच हाय न्हवं? मंग निजलेल्यापरीस बसलेला बेगी उठंल."

मला हसू आवरेना. साहेबांनी घड्याळ बघितलं. संध्याकाळी नव्या कलेक्टरचा सत्कार होता, आणि त्याला हार घालायला ह्यांना जायचं होतं. छत्री उघडून ते निघाले. कलेक्टर खोळंबून कसं चालेल? मेलेल्या माणसाला काय, वेळच वेळ! देवाच्या दारातला असा पट्टेवाला मी जन्मात दुसरा बघितला नाही.

आम्ही नरसिंगला कोनाड्यात बसवला. गुणाबाई काठावर उकिडवी बसली आणि शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलायला लागली:

"देवा, तू बी मेलास. तुला बी लोकांनी धोंडा लावून बंद केलतं. आत कसं वाटतं ते तुला ठावं हाय. ह्येला भ्या वाटू दिऊ नगंस. ह्यो उठणार हाय, मी सांगतीया. तू हाक मारशील तवा जरा जोरात मार. खडी फोडून ह्येचे कान गेलेत."

मग तिनं पहिली मूठ माती टाकली. मलप्पानं सोललेल्या हातानं दुसरी.

दिवस मावळताना साखराबाई पुन्हा दारात हजर. "साहेब तसंच गेले म्हनं. आता कसं गं व्हायचं त्याचं?"

"व्हायचं ते हुईल. सांगायचं ते सांगून झालंय."

"आणि तू हसलीस म्हनं कबरीवर?"

"रडतीयाच की, बाई," गुणाबाई म्हणाली, आणि खरंच तिच्या गालावरून पाणी चाललं होतं. "पण माझा माणूस परत येणार हाय. वाट बघणारी बाई रडती तशी रडते. तुला बसायचं तर बस, पण ते मागच्या जन्मीचं काढू नगंस. मला सकाळी खडीवर जायचंय."

साखराबाई बसली नाही. बोलायला दुसरं काही नव्हतंच तिच्याजवळ.