करवंटीतल्या गोचिडी

गेल्या महिन्यात माझी थोरली बहीण गेली. तिचं भिंग आता माझ्या टेबलावर आहे. ते हातात घेतलं की गिरीज गावातला आमचा गोठा समोर येतो आणि या दिवसांतही मन उसळी घेतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती, मी शाळेत होतो. आमच्या गाभण गायीला गोचिडींनी घेरलं होतं. रक्त कमी होऊन ती उठताना थरथरायची. सणानंतर तिला विकायचं वडिलांनी ठरवलं होतं.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आलो की आम्ही तिच्या अंगावरच्या गोचिडी वेचायला बसायचो. वेचलेल्या करवंटीत टाकायच्या आणि करवंटी केळीच्या बुडाशी उपडी करायची. वाडीत काही वाया घालवायचं नाही, जे उरेल ते केळीला, ही आमची रीत. दुपारी गायही त्याच केळींच्या सावलीत बांधलेली असे.

एका संध्याकाळी बहीण सायकलवरून धापा टाकत आली. वाचनालयात तिने वाचलं होतं, की अमेरिकेत एका भागात मुलांचे सांधे सुजत होते, अंगावर लाल वर्तुळं उठत होती आणि मुळाशी निघाली एवढीशी गोचीड. लाइम म्हणतात त्या रोगाला. त्याचा जंतूही नुकताच सापडला होता. आपल्याकडे तो असल्याचं कुठे लिहिलेलं नव्हतं, तरी तिने सगळ्यांचे पाय तपासले. वडिलांकडे बघत आई म्हणाली, "माझे गुडघे लग्नापासून दुखतात. ती गोचीड कोणती, सांगू?"

बहिणीने एक टच्च फुगलेली गोचीड बाटलीत घातली आणि बाटलीच्या तोंडाला फडकं बांधलं. शाळेतून आलो की मी आधी बाटलीकडे धावायचो. काही दिवसांनी गोचिडीपुढे तपकिरी अंड्यांचा ढीग साचला, तिच्याहून मोठा! मग त्यातून धुळीसारखी पिल्लं चालू लागली. भिंगातून पाहिलं तर पिल्लांना सहा पाय, आईला मात्र आठ. मी भिंग सोडायला तयार नव्हतो.

"मग आपण केळीखाली टाकतो त्यांचं काय होतं?" मी विचारलं.

ती भिंग घेऊन पळाली, मी तिच्यामागे. केळीखालच्या गवताच्या शेंड्यांवर तीच पिल्लं झुबक्यांनी बसली होती. वडिलांनी वाकून बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे आपण गोचिडींची लागवड करत होतो."

"आणि गाय त्यांच्यातच नेऊन बांधत होतो," बहीण म्हणाली.

गवत कापून जाळलं, गाय विहिरीपाशी हलवली. करवंटीवर आता आई उकळतं पाणी ओतायची. बहिणीने वडिलांना गाय विईपर्यंत थांबायची गळ घातली. ते हो म्हणाले नाहीत. पण सणानंतर गिऱ्हाईक आलं, तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठवलं.

गाय व्याली. वासराचं अंग अजून ओलंच होतं आणि बहीण गुडघ्यांवर बसून, भिंग लावून, त्याच्या कानात बघत होती.