गेटाखालची फट आणि वेल्डरचं नाव

वेल्डिंगच्या दुकानात दोन गोष्टी साचतात, भंगार आणि किस्से. भंगार तरी कोणी उचलून नेते. किस्से माझ्याच डोक्यात पडून राह्यतात!

मूल गावात मी आणि माझा जोडीदार रफिकभाई गेट बनवतो. जागा सपाट असली तर काहीच कटकट नाई. पण घर उंचावर, रस्ता खाली, मधात चढ असला की गेटाखाली फट येतेच. अन् फट दिसली की नाव कोणाचं खराब? वेल्डरचं! अरे, उतार काय मी वेल्ड केला? बारा वर्षांत एका माणसानं चांगलं म्हणलं असेल तर शपथ!

एक रिटायर्ड गुरुजी. म्हणे, "गेट आतच उघडलं पाहिजे. लक्ष्मी आत येते."

मी म्हणलं, "गुरुजी, आत चढ हाय. गेट वीतभर वर घ्या लागते, नाई तर घासते."

"फट नाई पाहिजे मले. मांजर घुसते!"

बसवलं जमिनीले टेकवून. हातभर उघडलं अन् अडकलं. गुरुजी माझ्यावरच डाफरले, "काऊन रे, चढाचं माप नाई घेतलं का तू?"

सांगा आता!

सावली गावच्या एका शेठनं मले न विचारता मिस्त्री बोलावला अन् फट बुजवाले गेटाखाली सिमेंटचा उंच पट्टा टाकला. पाऊस पडला, अंगणातलं पाणी उतारानं आलं अन् तिथंच तुंबलं. फोन कोणाले? मले! "भाऊ, तुमचं गेट पाणी अडवून राह्यलं!"

मिस्त्री त्यांचा, पट्टा त्यांचा, अन् पाप माझं!

धानोऱ्याच्या मोहफुलाच्या व्यापाऱ्याकडं रफिकभाईनं डोकं लावलं. खाणीतल्या माल वाहायच्या जुन्या बेल्टचं रबर कापून गेटाच्या खालच्या कडेले लावलं. जमिनीवर घासलं तरी वाकते. एकदम फिट! आठ दिवसांनी व्यापारी म्हणते, "कुत्र्याले बाहेर जाता येत नाई. त्याच्यापुरतं कापून द्या."

दिलं कापून. मंग त्यातून शेजाऱ्याच्या कोंबड्या आत. पुन्हा तक्रार!

रफिकभाई भडकला, "सेठ, अब मुर्गी का भी नाप ले लूं क्या?"

एका घरी तर गेट बाहेर उघडणारं होतं. खाली फट अगदी मोजून ठेवलेली. रस्तेवाल्यांनी जुन्या रस्त्यावर नवा रस्ता टाकला, वीतभर उंच. गेट जाम! त्याच दिवशी पोरीचा साखरपुडा. पाहुण्यांनी साड्यांची ताटं गेटावरून आत दिली. अन् नवरदेवाचा मामा विचारते, "वेल्डर कोण होता?"

अन् ह्या कुसुमबाई. जंगलाच्या कडेले एकट्या राह्यतात, परसात वांगी-मिरच्या लावतात, बाजारात विकतात. त्यांच्या जुन्या गेटाखाली एका बाजूले हातभर फट. तिथून रानडुक्कर शिरून सगळं उकरून टाकलं. बाई रडल्या. मले लय वाईट वाटलं. म्हणलं, हे काम असं करतो की कोणी बोट ठेवणार नाई. उताराच्या मापानं खालची पट्टी तिरपी कापली, जाड गज जवळजवळ ठोकले. संध्याकाळी नवं गेट लावून निघालो.

सकाळी बाईंचा फोन.

"भाऊ, लवकर या! डुक्कर परसातच धानाच्या तणसाच्या ढिगामागं झोपलं होतं. तुम्ही त्याले आतच कोंडलं! मी स्लॅबवर उभी हाय!"

मी विचारलं, "बाई, गेट तोडलं का त्यानं?"

"नाई जी! पहाटेपासून धडका मारून राह्यलं, जरासंही हाललं नाई. लय मस्त गेट बनवलं भाऊ तुम्ही!"