य वरून वृश्चिक

आमच्या घरात कुणालाच रास नव्हती. अंबरनाथ पश्चिमेला दोन खोल्या, भिंतीवर बुद्धांची तसबीर, शेजारी चौकटीत बावीस प्रतिज्ञा. माझी जन्मवेळ विचारली तर आई सांगायची, "नळाला पाणी आलं होतं तेव्हा." त्यावरून पत्रिका कोण काढणार? बाबांनी माझं नाव सिद्धार्थ गौतमांच्या पत्नीवरून ठेवलं. फॅक्टरीतल्या मित्रांना ते त्या नावाची गोष्ट हौसेने सांगत. त्याच नावाने मी उल्हासनगरच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी. त्यासाठी बाबांनी सुट्टीच्या दिवशीही ओव्हरटाइम केला. ते उपकार विसरून मी हे लिहीत नाही.

बदलापूरच्या खरवईतलं स्थळ आलं तेव्हा मी उल्हासनगरला एका जीन्सच्या कारखान्यात हिशेबाचं काम करत होते. दोन हजार सालानंतरचे ते दिवस, खरवईत तेव्हा नव्या इमारती उभ्या राहत होत्या. मुलगा बँकेत, स्वतःचा फ्लॅट, माणसं आमच्यातलीच. "जय भीम" म्हणत आत आली. पसंती झाली. साखरपुड्याची तारीख बघायला मुलाच्या आईने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. आम्ही ते दुधाच्या खाड्यांसाठी टांगलं होतं. त्यांनी पानं उलटत शेवटचा तक्ता गाठला. तिथे असा काही तक्ता आहे हे आम्हाला ठाऊकही नव्हतं.

"य," त्यांनी बोट टेकवलं. "वृश्चिक. आणि नक्षत्र ज्येष्ठा."

बाबा हसले. "आपण कुठे मानतो ताई असलं काही?"

"आम्हीही नाहीच मानत दादा. पण याच्या थोरल्या भावाचं मागच्या वर्षी हार्टचं ऑपरेशन झालंय. ज्येष्ठेची मुलगी थोरल्या दिराला भारी असते म्हणतात. उगाच विषाची परीक्षा कशाला?" मग माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणाल्या, "नाव बदललं की रास बदलते गं. र नाहीतर त वरून ठेवू. तूळ येईल. याच्या कुंभेशी मस्त जुळतंय."

मुलगा पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत होता. त्याने मान वर केली नाही.

आठवडाभराने कळवायचं ठरलं.

त्या आठवड्यात मी वृश्चिक झाले. कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर एक सिंधी दीदी बसायच्या. त्यांना सांगितलं तर खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, "अरे बाप रे, बिच्छू! और मैं इतने साल बाजू में बैठी हूँ?" त्या चेष्टा करत होत्या. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून मी राशीस्वभावाचं पातळ पुस्तक घेतलं. मितभाषी, हट्टी, मनात डूख धरणारी, दुखावली की नांगी मारणारी. खाली एक ग्रीक गोष्ट: जगातलं एकूण एक जनावर मारीन अशी बढाई मारणाऱ्या शिकाऱ्यावर धरणीने विंचू सोडला. शिकाऱ्याचा माज कुणाच्या स्वभावात लिहिलेला नव्हता. विंचवाची नांगी मात्र माझ्या वाट्याला आली होती.

ज्येष्ठेची गोष्ट मला वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात मिळाली. ती नक्षत्राची नव्हे, त्याच नावाच्या देवीची होती. समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी तिची थोरली बहीण ज्येष्ठा वर आली. तिला कुणी घेईना. थोरलीचं झाल्याशिवाय धाकटीचं कसं करायचं, म्हणून तिला एका ऋषीच्या गळ्यात बांधली. त्याच्या आश्रमातला वेदघोष तिला सोसेना. "तुझ्यासाठी जागा बघून येतो, इथेच बस," असं म्हणून त्याने तिला पिंपळाखाली बसवलं आणि तो परत आलाच नाही. पुस्तकात तिचे दुर्गुण ओळीने दिले होते. ऋषी खोटं बोलला, याबद्दल एक शब्दही नव्हता.

शनिवारी बाबा म्हणाले, "नावच ना? लग्नात कितीतरी जणींची बदलतात."

"बाबा, तुम्ही ठेवलंय ते."

"मीच ठेवलं, मीच म्हणतो बदलू."

"पदवीवर तेच आहे. आणि उद्या त्यांच्या थोरल्याला काही झालं, तर ते म्हणणार आहेत का, की माझ्यामुळे नाही झालं?"

आई भाकरी थापत होती. रास हा शब्द तिच्या तोंडी मी कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "बघा, एकदा डोक्यात घेतलं की सोडायची नाही. बाईंनी बरोब्बर ओळखलं."

मी नाही म्हटलं. बाबांनी फोन करून तसं कळवलं आणि महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले.

पुढे विहारात एका लग्नाला गेलो होतो. मामी जेवणाच्या पंगतीत बाबांच्या समोर येऊन बसल्या. "अहो दाजी, खरवईचं ठरलं होतं ना? मोडलं कशानं?"

मुलगी नको म्हणाली, हे चारचौघांत सांगणं बाबांना जड होतं. त्यांनी भात कालवला.

"पत्रिका जुळली नाही," ते म्हणाले.

मामींनी सुस्कारा सोडला. पंगतीतल्या दोघातिघांनी मान डोलावली. कसली पत्रिका, कुणाची, असं त्या विहारात एकानेही विचारलं नाही. वाढपी आला, बाबांनी वरण मागून घेतलं. मीही घेतलं.