रंजनाबाई लंकेहून निघाल्या

रोज पहाटे चहा झाला की रंजनाबाई ओट्यावर येत, उघड्या फरशीवर सरळ उताण्या पडत आणि मोबाइल दोन्ही हातांनी तोंडासमोर धरत. पदर कपाळापर्यंत ओढलेला असे. मग त्या विमानांची भाडी पाहत. कोलंबो ते टोरांटो. काठमांडू ते टोरांटो. कैरो ते टोरांटो. मुंबई ते टोरांटो सगळ्यांत शेवटी, परवडणार नाही हे माहीत असलेल्या साडीचा पोत बोटांनी पाहावा, तसं.

प्रकाशा गावातल्या त्या गल्लीतून शेताकडे जाणारी माणसं सुरुवातीला मान वळवून जात. पाटलांच्या घरची सून, साठीची का होईना, जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ओट्यावर आडवी होत नाही. पण आतल्या खोलीत रेंज नव्हती, आणि असती तरी रंजनाबाई आत गेल्या असत्या असं वाटत नाही.

कापसाच्या ट्रॉलीवरून पडल्या तेव्हापासून त्यांचं बसणं गेलं होतं. उभं राहता येई, चालता येई, आडवं होता येई. बसल्या की थोड्याच वेळात कमरेपासून पोटरीपर्यंत आग उतरे. एसटीने शहाद्याला जायचं तर त्या दांडा धरून उभ्या राहत. कुणी पोरगं जागा द्यायला उठलं की म्हणत, "बस रे भाऊ, माले उभं ऱ्हावानी हौस शे." नंदुरबारच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: कॅनडापर्यंत बसून जाल तर परत याल ते स्ट्रेचरवर. झोपून जाता येत असेल तर बघा.

आणि कॅनडाला तर जायचंच होतं. मुलगी कामिनी टोरांटोत होती. तिने आपल्या मनाने, दुसऱ्या जातीतला मुलगा केला. रंजनाबाईंचे यजमान दोधू तोवर वारले होते. घरात शब्द चाले तो थोरले जेठ रूपचंद यांचा, गाव त्यांना आबा म्हणे. आबांनी कामिनीला उंबरा बंद केला. त्यानंतर ती दोनदा भारतात आली आणि दोन्ही वेळा नंदुरबारच्या लॉजवर उतरली. दुसऱ्या खेपेला तिथल्या मॅनेजरने रंजनाबाईंना रजिस्टरात सही करायला लावली. नाव, गाव, कुणाला भेटायचं, नातं काय. पोटच्या पोरीला भेटायला त्यांनी सही केली. परतीच्या बसमध्ये दांडा धरून उभ्या असतानाच त्यांनी ठरवलं की आता तिने यायचं नाही. आपण तिच्या घरी जायचं, तिच्या दारातून, आई म्हणून.

आबा त्यांच्याशी थेट कधी बोलले नव्हते. जेठ आणि धाकट्या भावाची बायको समोरासमोर बोलत नाहीत, ही त्या घरची रीत. आबा ओट्यावरच्या खांबाकडे पाहून बोलत आणि रंजनाबाई पदराआडून, भांड्यांच्या आवाजाने उत्तर देत. कॅनडाचं कळल्यावर आबांनी खांबाला सांगितलं की लोकांच्या बायका म्हातारपणी देवाला जातात, आमच्या घरची पलंग लावलेल्या विमानातून फिरायला निघाली. आतून परात जोरात आपटली. बोलणं तिथेच संपलं.

मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या बाजारातून मिरची आणून तिखट कुटून विकायचं, हे रंजनाबाईंचं स्वतःचं काम. पैसे त्यांच्या नावावर होते. पण ज्या खुर्चीचा पलंग होतो तिचं मुंबईहून भाडं पाहिलं तेव्हा त्यांनी फोन पालथा ठेवला होता. मग कामिनीने एका रविवारी युक्ती सांगितली. तेच विमान, तीच खुर्ची, पण प्रवास दुसऱ्या देशातून सुरू केला की भाडं निम्म्यावर येतं. कोलंबोहून टोरांटोचं तिकीट काढायचं. विमान दिल्लीत थांबून पुढे जातं. मुंबईहून कोलंबोपर्यंत वेगळं, साधं तिकीट. तेवढं बसणं सोसायचं, अधूनमधून उभं राहायचं. कोलंबोत एक दिवस मोकळा ठेवायचा. पाठीला आराम, आणि पहिलं विमान चुकलंच तर हातात वेळ.

रंजनाबाईंना हे एकदम पटलं नाही. मुंबईहून आधी खाली लंकेला जायचं आणि पुन्हा वर दिल्लीला यायचं, यात स्वस्त काय आहे? पण रोज ओट्यावर पडून भाडी पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं की विमानाचा हिशेब रस्त्याचा नसतो. काठमांडूचं भाडं चढलं. कैरो लांब पडत होतं. कोलंबोचं एका सकाळी उतरलं, आणि त्यांनी उताण्या पडल्या पडल्याच कामिनीला फोन लावला: काढ.

गावाला विषय मिळाला. काकू लंकेला चालली, शेपटाला चिंध्या बांधा. बिझनेस क्लासने चालली, म्हणजे तिखटाचा बिझनेस रावणाशी. रंजनाबाई त्यावर सगळ्यांबरोबर हसत आणि बाजूच्या बाईला विचारून घेत की तिकडे उकाडा आपल्यासारखाच असतो का.

निघायचा दिवस गुरुवार आला. जोशीबुवांनी गुरुवार नको म्हटलं, सोमवार चांगला. तिकीट बदलणं शक्य नव्हतं. तेव्हा जुन्या रीतीने प्रस्थान ठेवलं. सोमवारी मुहूर्तावर रंजनाबाईंनी फडक्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधलं आणि ती पुरचुंडी समोरच्या सरलाबाईंच्या देवघरात नेऊन ठेवली. ती तिथे गेली म्हणजे माणूस सोमवारीच निघालं. गुरुवारी फक्त ती उचलायची आणि तिथूनच पुढे जायचं. परत स्वतःच्या घरात पाऊल टाकायचं नाही.

गुरुवारी सकाळी त्या सरलाबाईंच्या देवघरासमोर उभ्या होत्या, तेवढ्यात मुलगा हेमकांत आला. चेहरा खुललेला. म्हणाला, घाई नाही, गाडी संध्याकाळची आहे. मग त्याने सांगितलं. आईला कोलंबोपर्यंत बसून पाठवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. त्याने मुंबई-कोलंबोचं तिकीट रद्द केलं होतं. विमान दिल्लीवरूनच जातं ना? मग दिल्लीलाच चढायचं. संध्याकाळी सुरत, तिथून रेल्वेच्या बर्थवर आडवं होऊन दिल्ली. नंदुरबारला कोटा कमी म्हणून इकडचं अख्खं गाव भुसावळहून तिकीट काढतं आणि नंदुरबारला चढतं. त्यात काय अवघड?

खरं सांगायचं तर रंजनाबाईंना बरं वाटलं. बसावं लागणार नव्हतं. परक्या देशात एकटीने उतरावं लागणार नव्हतं. पोराने आपल्या पाठीचा विचार केला, हेही बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत घरी जाऊन पडते म्हणाल्या आणि पुरचुंडीला हात न लावता वळल्या.

सरलाबाईंनी त्यांचा हात धरला. "कोठे चालनी? निंघनं शे ते आठून निंघ. घर जाशी ते परस्थान फुकट जाई."

"संध्याकाय लगून ठेव ना तुन्हाकडे."

"ठेवसू. पन उचलानं आठूनच. तू वाटमाईन उचलसू म्हनशी, तर कोन दी तुले?"

रंजनाबाई दारातच थांबल्या. पुरचुंडीकडे पाहत राहिल्या. मग हेमकांतला म्हणाल्या, कामिनीला फोन लाव. तिकडे रात्र होती. कामिनी झोपेतच बोलत होती. रंजनाबाईंनी एवढंच विचारलं की लंकेत मी चढले नाही, तर दिल्लीत मला घेतील का.

 मग कामिनी पूर्ण जागी झाली. "नाही आई. पहिल्या ठिकाणी तू नसलीस की पुढचं सगळं तिकीट मेलं. दिल्लीत तुझी खुर्ची असणारच नाही. कुणी सांगितलं तुला?"

रंजनाबाईंनी हेमकांतकडे पाहिलं. तो खाली पाहत होता. "कोनी नही," त्या म्हणाल्या. "मीच इचारी ऱ्हायनू."

कोलंबोतल्या ज्या मोकळ्या दिवसावरून आबांनी खांबाला लॉजची चैन म्हणून ऐकवलं होतं, तोच आता कामी आला. कामिनीने दुसऱ्या दिवशी सकाळचं मुंबई-कोलंबो तिकीट काढलं. आराम गेला, पण विमान राहिलं. फक्त त्यासाठी आत्ताच्या आत्ता मुंबईच्या रस्त्याला लागायला हवं होतं. रेल्वेत बर्थ नव्हता. मुंबईपर्यंत कारमध्ये बसणं म्हणजे विमानाआधीच पाठ संपवणं.

"केयानी पिकअप रिकामी शे का?" रंजनाबाईंनी विचारलं.

हेमकांतने केळी वाहायची पिकअप आणली. हौद्यात वाळलेली पानं पसरली, त्यावर गादी, गादीवर चादर, वर ताडपत्रीचं छप्पर बांधलं. मागची फळी खाली सोडली तेव्हा गल्लीतली माणसं दारांत आली. सरलाबाईंनी पुरचुंडी आणून हातात दिली. रंजनाबाईंनी ती कनवटीला खोचली आणि एक पाय टायरवर ठेवला.

आबा ओट्यावरून खाली आले नाहीत. खांबालाच म्हणाले, "हेमकांत, तुन्ही मायले सांग. पाटीलना घरनी बाई केयाना हौदामा झोपीसन गावमाईन जावाव नही."

 हेमकांत आईकडे बघेना आणि आबांकडेही बघेना. रंजनाबाईंनी टायरवरचा पाय खाली घेतला. डोक्यावरचा पदर नीट केला, मागे सारला नाही. आबांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. त्या घरात आल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं.

"आबा, तो खांब शे. मी आठे उभी शे, माले सांगा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मन्ही पोरना घर मी जाई ऱ्हायनू. झोपीसनच जासू. तुमले दखानं नसई ते आंगे तोंड फिरावा."

 इतक्या वर्षांत आबांच्या बोलण्याला समोरून उत्तर आलं नव्हतं, त्यामुळे उत्तराला उत्तर काय द्यायचं याची त्यांना सवयच नव्हती. ते खांबाकडे वळले. खांबाशीही काही बोलले नाहीत.

रंजनाबाई हौद्यात चढल्या आणि गावातून झोपून गेल्या. तापीचा पूल लागला तेव्हा त्यांनी फळीवर हात आपटून गाडी हळू घ्यायला लावली. हेमकांतला वाटलं पाठ दुखली. त्यांना नदी पाहायची होती, आणि आडवं पडून कठड्यावरून फक्त आभाळ दिसत होतं. ते पाहिलं आणि म्हणाल्या, चल.

मुंबई ते कोलंबो त्या बसल्या, उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या. हवाई सुंदरीने तीनदा बसायला सांगितलं. तिला मराठी येत नव्हतं आणि रंजनाबाईंना इंग्रजी, त्यामुळे दोघींचं बऱ्यापैकी जमलं. कोलंबोत उतरल्या तेव्हा डावा पाय जमिनीला टेकवत नव्हता. व्हीलचेअर आली, त्यांनी तिच्यावर बॅग ठेवली आणि तिचा दांडा धरून चालत गेल्या. विमानतळावरच्या प्रार्थनेच्या खोलीजवळ, बाकांच्या ओळीमागे फरशी मोकळी होती. तिथे पाय पसरून आडव्या झाल्या. एक पहारेकरी आला, पाहून गेला.

त्यानंतरचं हेमकांतला फोनवर कळलं. तो अजून मुंबईत पिकअपमध्येच होता, कारण आई विमानात पोहोचल्याशिवाय गावाकडे गाडी वळवायची त्याची हिंमत नव्हती. फोन आला तेव्हा त्याने पहिलं हेच विचारलं की कोणत्या देशात आहेस. कोलंबोतच, विमानात, त्या म्हणाल्या. खुर्चीचं बटण दाबलं की पाय वर येतात आणि पाठ खाली जाते. दोनदा करून पाहिलं. मग त्याला राहवलं नाही. तो तिकिटाबद्दल बोलू लागला, माझं चुकलं, मला वाटलं रेल्वेसारखंच असेल. रंजनाबाईंनी त्याला पुरं बोलू दिलं नाही.

"ठेव आते फोन," त्या म्हणाल्या. "ती इमानमानी पोर सरबत लई उनी."