गाव सांगा, मगच लिंक

आर्णीच्या आमच्या भाऊजींइतका सावध माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, ही त्यांची श्रद्धा. मुलीने ईमेल उघडून दिल्यापासून तर ते साड्यांच्या जाहिरातीलाही 'आपले पत्र पावले' असं कळवतात आणि खाली न चुकता विचारतात, 'आपलं गाव कोणतं?' ही त्यांची कसोटी. "खरा मानूस गाव सांगते, खोटा चूप बसते," असं ते माझ्या ताईला बजावत असतात.

पंचाईत एवढीच, की कंपन्या कधी उत्तर देत नाहीत आणि भामटे तत्परतेने देतात. बँकेच्या नावाने लिहिणाऱ्या एकाने 'काका, मी आपल्या जिल्ह्यातल्या नेरचाच' असं कळवलं, तेव्हा भाऊजी इतके खूश झाले की त्याला चहाचं आमंत्रण गेलं. त्याने ओटीपी मागितला. भाऊजींनी आधी त्याच्या वडिलांचं नाव विचारलं, मग मामाकुळ. शेवटी चोरच कंटाळून गायब झाला. "पोरगा बोलाले चांगला होता," असं भाऊजी हळहळून म्हणाले.

मग माझ्या भाचीला पुण्याच्या कंपनीचं ईमेल आलं. मुलाखत छान झाली होती, ती डोळे लावून बसली होती. पण पाठवणाऱ्याचा पत्ता भलत्याच कंपनीचा, भाचीचं नाव चुकलेलं आणि मजकूर असा: 'तातडीचे. आज संध्याकाळपर्यंत लिंकवर आधार कार्ड चढवा, अन्यथा निवड रद्द.' भाऊजींनी गाव विचारलं, उत्तर नाही. "हे चोर हाय. हात लावू नको." खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

"बाबा, खरं असन तं माही नौकरी गेली ना," भाची रडवेली झाली.

तिचा चेहरा पाहून भाऊजी पहिल्यांदाच आपल्या कसोटीवर अडखळले. लिंक त्यांनी दाबली नाहीच, पण मुलाखतीच्या पत्रावरचा नंबर शोधला आणि कोणी उचलेपर्यंत फोन लावत राहिले. अखेर एका मुलीने सांगितलं, "हो काका, ते आमचंच आहे. कागदपत्रांचं काम दुसऱ्या कंपनीकडे दिलंय."

"पत्र खरं हाय, तं चोरावानी कायले लिहता?"

ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मी वर सांगते. उद्यापर्यंत वेळ घ्या."

आता भाची पुण्यात आहे आणि ताईचं घर फार शांत झालंय. ती फोटोंची लिंक पाठवते. भाऊजी ती उघडण्याआधी फोन करतात, "हे तूच धाडलं ना?" आणि मग जेवणापासून घरमालकिणीपर्यंत सगळं निघतं. फोटो सरळ पाठवता येतो, हे मी तिला एकदा सांगून पाहिलं.

"माहीत हाय, मामा," ती म्हणाली. "पन सरळ धाडला तं बाबा नुसता अंगठा पाठवतेत."